जोडीदाराने सांगितलेले सुटे भाग

९ जून

धाकट्या,

पोहोचलास, छप्पर गळत नाही आणि स्टोव्ह पेटतो, एवढं वाचून जीव भांड्यात पडला. डोंगरमाथ्यावरच्या हवामान चौकीत नोकरी धरतोय म्हणालास तेव्हा मला वाटलं होतं, वारा मोजायला माणूस कशाला लागतो, तो आपणच सांगतो की. पण तुझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. तिथे फोन नाही, इंटरनेट नाही, वायरलेसवर ऑफिसला आकडे सांगायचे आणि गप्प बसायचं. या जमान्यात मला पेन हातात धरायला लावणारा तू एकटाच.

आता काम सांगते, हसू नकोस. मला कंप्युटर घ्यायचाय, गेम खेळायला. लेक शिकायला लांब गेल्यापासून रविवारच्या फोनवर "जेवलीस का, झोपलीस का" यापुढे आमची गाडी जात नाही. ती एक गेम खेळते. त्यात मोठं जंगल आहे, नदी आहे, पडकी गावं आहेत, नि दोघांनी मिळून नुसतं भटकायचं. म्हणाली, आई, तू पण ये आत, चालता चालता बोलू. मला ते पटलं. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते चालताना सुचतं.

दुकानात गेले तर त्याने काचेची पेटी दाखवली. आत लाल-निळे दिवे, जत्रेतल्या पाळण्यासारखे. "सगळ्यात भारी प्रोसेसर आहे बघा आत." मी ग्राफिक्स कार्डचं विचारलं तर मान खाजवायला लागला. दिवसभर कारखान्यात चष्म्यांची भिंगं घासणारी बाई मी, झगमगाट आणि उजेड यांतला फरक मला कळतो. उठून आले.

माझं बजेट मधलं आहे. अगदी हलकं नको, डोळे फिरतील असंही नको. तुला यातलं ओ की ठो कळत नाही हे मला माहीत आहे. पण तुझा तिथला जोडीदार आधी कंप्युटर जुळवायचा असं तू लिहिलं होतंस. त्याला विचारशील?

तुझी,
ताई

२७ जून

ताई,

विचारलं. तो नुसता खूश झाला असं नाही, पहिल्यांदाच सलग बोलला. एरवी हूं की चूं नाही. समोर बसून सांगतोय आणि मी उतरवून घेतोय, तेव्हा चुकलं तर माझं, बरोबर असलं तर त्याचं.

तो म्हणतो, एकच पैलवान पोसायचा आणि बाकीचे उपाशी, असं करू नका. गेमसाठी पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डला द्यायचा, कारण चित्र तेच काढतं. प्रोसेसर मधल्या फळीतला, सहा कोअरचा पुरे. तो फारच कमजोर असला तर कार्ड हात बांधून त्याची वाट बघत बसतं. तो फारच भारी घेतला तर तो नुसता बसून पगार खातो. रॅम सोळा जीबी, पण एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन घ्या, दोन वाटांनी माल जातो. मदरबोर्ड साधाच. एसएसडी घ्या, जुनी फिरणारी डिस्क नको. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेला आणि लागतो त्याहून थोडा जास्त ताकदीचा. तिथे लोक कंजुषी करतात आणि घर पेटतं ते तिथूनच. काचेची पेटी नको, पुढून जाळी असलेली हवी. हवा पुढून आत, मागून बाहेर. हे सांगताना तो जरा थांबला. म्हणाला, "श्वास घ्यायला जागा नसली की काहीच टिकत नाही." मग पुन्हा सुरू झाला.

आणि आधी पडदा ठरवायचा, मग कार्ड. साध्या पडद्यासाठी राक्षस कार्ड घेणं म्हणजे चहा गाळायला मच्छरदाणी.

हो, अजून एक. बसल्यावर खिडकी पाठीशी येईल असं टेबल ठेवू नका म्हणतो, पडद्यावर उजेड येतो. उजव्या भिंतीला लावा, तिथे प्लग आहे.

माणूस बरा आहे. चालताना पायाचा आवाज होत नाही, त्यामुळे मी दोनदा दचकलो, आता सवय झाली. इथे धुकं फार. धुकं आलं की तो दारात उभा राहतो, डोळे बारीक करून बघत बसतो. लांबचं दिसत नसावं त्याला.

तुझा धाकटा

१८ जुलै

धाकट्या,

तुझ्या जोडीदाराचं सांगणं कागदावर उतरवून दुकानदारापुढे ठेवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, मग विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" भाऊ म्हटलं. "भाऊ या धंद्यात आहे?" म्हटलं, तो वारा मोजतो. त्यानंतर त्याने काचेच्या पेटीचं नाव काढलं नाही. पडदा ठरला, कार्ड ठरलं, प्रोसेसर त्याच फळीतला. पॉवर सप्लाय मागवावा लागतोय.

आता एक विचारते. तू गेल्यावर मी घर बदललं. ही खोली तू पाहिलेली नाहीस, आणि मी पत्रात खिडकीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. टेबल तसंच होतं, बसलं की खिडकी पाठीशी. उजव्या भिंतीला प्लग नाही, असं मला वाटत होतं. तुझं पत्र वाचून कपाट ओढलं तर त्याच्यामागे होता, रंगाखाली बुजलेला. आधीच्या भाडेकरूचा असेल. चालू आहे.

अंदाज बरोबर आला असेल, नाही म्हणत नाही. पण कपाट ओढताना मला घाम फुटला तो वजनाने नव्हता.

बाकी त्याला म्हणावं, उपकार झाले. मला दुसरं काही देता येत नाही, चष्मा देता येतो. त्याचा नंबर कळव. धुक्यात नाही दिसणार, पण धुकं सरल्यावर तरी दिसेल.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

प्लगचं विचारलं त्याला. म्हणाला, "बहुतेक खोल्यांना असतो." झालं, एवढंच. तूही ना, उगाच पराचा कावळा करतेस.

चष्म्याचं सांगितलं तेव्हा मात्र उठून दारापाशी जाऊन आला. मग नंबर सांगितला. उजवा उणे दोन, डावा उणे सहा. मी म्हटलं, एवढा फरक? म्हणाला, "जन्मापासून तोल असाच आहे माझा."

जोडणी तूच करायची असं त्याचं म्हणणं आहे. दुकानदाराला करू देऊ नका म्हणतो, आपल्या हाताने जोडलेलं आपल्याला ओळखतं. आधी हात एखाद्या लोखंडी वस्तूला लावायचा, अंगातली वीज जाऊ द्यायची. प्रोसेसर खाचेत अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. त्यावर पंखा बसवण्याआधी उष्णता ओढणारी पेस्ट लावायची, वाटाण्याएवढी. रॅमच्या पट्ट्या एक खाच सोडून लावायच्या. कार्डाची वायर टक्क आवाज येईपर्यंत बसवायची, अर्धवट राहिली तर खेळता खेळता यंत्र बंद पडेल.

इथे थंडी सुरू झाली. मी दोन कप चहा करतो. तो पीत नाही, वाफेवर हात धरून बसतो. संध्याकाळी आम्ही गप्पा मारतो, म्हणजे आता तोच विचारतो आणि मी बोलतो. तुझ्याबद्दल विचारतो, लेकीबद्दल. लहानपणी मी कुठे झोपायचो, तू रागावलीस की काय करायचीस, आई कशी हाक मारायची. मला बरं वाटतं. इतकं कान देऊन कोणी ऐकलं नव्हतं माझं.

धाकटा

६ ऑक्टोबर

धाकट्या,

यंत्र झालं. सांगितलं तसं, एकेक भाग, माझ्या हाताने. बटण दाबलं आणि पहिल्या फटक्यात सुरू झालं. दुकानदार म्हणतो असं क्वचित होतं. रविवारी लेकीबरोबर नदीकाठाने खूप चाललो. तिने तिथल्या परीक्षेचं सांगितलं, नापास झाली होती ते सांगितलं, मला फोनवर कधीच सांगितलं नसतं. मी रडले ते तिला दिसलं नाही. चित्र कुठे अडखळलं नाही, पंख्याचा आवाज नाही. इतकं शांत चालतं की कधी कधी मीच हात लावून बघते, चालू आहे ना म्हणून.

हे चांगलं. आता दुसरं.

चष्मा तयार केला. चौकीवर शिधा-टपाल नेणाऱ्या गाडीवाल्याकडे द्यायचा तर वर नाव हवं, म्हणून तुझ्या ऑफिसात गेले. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, वरच्या चौकीतल्या दुसऱ्या माणसासाठी आहे. त्या म्हणाल्या, "दुसरा माणूस नाही. चौकी एका माणसाची आहे." मी म्हटलं, असं कसं, माझा भाऊ लिहितो. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. तुझं एकट्याचं नाव. शिधा एकट्याचा जातो, अंथरूण एकाचं. मी विचारलं, त्याच्या आधी कोण होतं? त्यांनी रजिस्टर मिटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की आधीचा निरीक्षक गेल्या हिवाळ्यात धुक्यात बाहेर पडला तो परत आला नाही. शोधलं, सापडला नाही. चांगला माणूस होता, नोकरीत येण्याआधी त्याचं कंप्युटर जुळवायचं छोटं दुकान होतं.

मी चष्मा पर्समध्ये टाकून घरी आले.

धाकट्या, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. एकटेपणात माणूस स्वतःशी बोलतो, हे मी समजू शकते. पण तू स्वतःशी बोलत असशील तर मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय कुठून आले? तुला साधा मिक्सर दुरुस्त करता येत नाही.

बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आधी शेवटची गाडी महिनाअखेरीस येते. तिने खाली ये. नोकरी गेली खड्ड्यात. त्याला काही सांगू नकोस, फक्त ये.

ताई

२९ ऑक्टोबर

ताई,

गाडीवाला खाली हॉर्न वाजवतोय, त्याला बर्फाची भीती आहे, म्हणून भराभर लिहितो.

तू ऑफिसात गेलीस ते बरं केलं नाहीस. तुझं पत्र मी उघडलं तेव्हा तो स्टोव्हपाशी होता, मी काहीच बोललो नाही, तरी त्याला कळलं. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "बाईंनी चांगला माणूस म्हटलं, नाही का?" ऑफिस शिधा मोजतं, ताई, माणसं मोजत नाही. मला माहीत होतं. पहिल्या महिन्यातच कळलं होतं, दोन थाळ्या मांडायचो आणि एकच धुवायला लागायची. तुला लिहिलं नाही, कारण तू हेच म्हणाली असतीस जे आता म्हणतेस.

घाबरू नकोस. त्याने माझं कधी वाईट केलं नाही. ऑगस्टात धुक्यात मी वाट चुकलो होतो, कड्याच्या अलीकडे त्याने हाक मारली. मी आलो तर त्याला इथे एकटं राहावं लागेल, आणि एकटं राहणं काय असतं ते त्याच्याकडे बघून मला कळलंय. हिवाळा काढतो. वसंतात बघू.

हिवाळ्यात करायचं ते आमचं ठरलंय. तो मला कंप्युटरचं सगळं शिकवणार. मी त्याला घर शिकवणार. त्याला स्वतःचं घर आता आठवत नाही म्हणतो, तर म्हटलं, माझं घे. देवाणघेवाण. परवा म्हणाला, "खरंच देशील?" मी म्हटलं, घे की, त्यात काय. दोघंही हसलो.

लेकीला माझा आशीर्वाद. दार घट्ट लावून घेतो, वारा सुटलाय.

धाकटा

१४ जानेवारी

धाकट्या,

रस्ता बंद आहे, हे पत्र ऑफिसच्या पोत्यात पडून राहणार, माहीत आहे. तरी लिहिते.

ऑफिसात मी दर आठवड्याला जाते. तुझे आकडे वेळेवर येतात म्हणतात. मी म्हटलं, मला एकदा आवाज ऐकू द्या. नियमात बसत नाही, पण बाईंना माझी दया आली. कोपऱ्यात उभं राहून ऐकलं. वारा इतका, तापमान इतकं. आवाज तुझा होता. पण तू आकडे सांगताना गडबडतोस, शाळेपासून. हा गडबडला नाही. शेवटी म्हणाला, "नोंद घ्यावी, नमस्कार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. नंतर चहा देताना म्हणाल्या, "आधीचे साहेब असंच म्हणायचे. वर ती पद्धतच असेल."

असेल. तू फक्त नीट राहा. त्याला सांगितलंस तेवढं पुरे, आता घराचं काही सांगू नकोस.

ताई

११ एप्रिल

ताई,

नमस्कार.

रस्ता उघडला. नोकरीचा राजीनामा दिला आहे. पहिल्या गाडीने खाली येत आहे. तुम्ही स्टँडवर येण्याची तसदी घेऊ नका, घर सापडेल.

यंत्र नीट चालत असेल. पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करत असाल अशी आशा आहे. लेकीशी बोलणं होत असेल. तिच्या परीक्षेचं मनावर घेऊ नका.

भेटीत बोलू.

तुमचा,
धाकटा

२० मे

धाकट्या,

हे पत्र तुझ्या जुन्या पत्त्यावर, वरच्या चौकीत.

तू घरी आलायस असं सगळे म्हणतात. शेजारी म्हणतात, लेक म्हणते. हनुवटीवरची खूण तुझी आहे, सायकलवरून पडलास त्याची. हसणं तुझं आहे. आईच्या हाकेपासून माझ्या रागापर्यंत सगळं त्याला ठाऊक आहे. पण दारात उभा राहिला तेव्हा म्हणाला, "तुम्ही थकलेल्या दिसता, ताई." तू मला जन्मात कधी तुम्ही म्हणाला नाहीस. डॉक्टर म्हणतात, एवढं एकटं राहिल्यावर माणूस बदलतो, वेळ द्या. मी वेळ दिला.

आल्या दिवशी तो यंत्रापाशी गेला आणि न विचारता बाजूचं झाकण काढलं. कार्डावर असा हात ठेवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतो. म्हणाला, "छान जोडलंत." आता रविवारी तोच लेकीबरोबर भटकतो. ती म्हणते, मामा किती छान खेळतो, किती समजून घेतो. दुपारी तो तासन्‌तास उन्हात बसतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो. चहा उकळता पितो, थेंब ठेवत नाही.

माझ्याच्याने राहवेना. त्याला कारखान्यात नेलं आणि डोळे तपासले. धाकट्या, तुझी नजर घारीची होती. त्याचा उजवा डोळा उणे दोन आला, डावा उणे सहा. एका हिवाळ्यात डोळे असे होत नाहीत, हे मी कोणालाही लिहून देईन. पर्समधून चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर ठेवला. त्याने खिडकीबाहेर बघितलं, लांबवर, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, "माझा भाऊ कुठे आहे?"

त्याने चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाला, "चौकी रिकामी ठेवता येत नाही, ताई. कोणीतरी लागतंच वर."

"त्याला विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. तो हो म्हणाला." मग मान खाली घालून म्हणाला, "त्याला वाटलं, मी थट्टा करतोय."

तो वाईट माणूस नाही. मला जड जातंय ते हेच. वाईट असता तर घरातून घालवला असता. भांडी घासतो, मी उशिरा आले तर जेवायचा थांबतो. त्याला कुठे घालवू? आणि घालवलं तर तुझं शरीरही जाणार.

ऑफिसने वर अजून कोणी पाठवलेलं नाही. नवा माणूस पुढच्या महिन्यात जाणार, तरुण आहे म्हणतात, पहिलीच नोकरी. त्याच्या आधी मला तिथे पोहोचायचंय. तुझी काळजी आहेच, त्या पोराचीही आहे. एकटं राहून तू किती थकला असशील ते मला कळतं. तो पोर आला, तुझ्यापाशी बसला, घरच्या गोष्टी सांगायला लागला, तर तुलाही मोह होईल. मी असताना ते होणार नाही. मी आले की तू मला दिसशील की नाही, माहीत नाही. बोल मात्र. काय करता येईल ते दोघं मिळून ठरवू, आणि काहीच करता आलं नाही तर हिवाळा मी तुझ्यासोबत काढीन.

मी पुढच्या गाडीने निघणार होते, सावकाश, सगळं आवरून. काल रात्री जेवताना त्याला तसं सांगितलं. तो एकदम हात आखडून बसला. आज सकाळी कारखान्यात निघाले तर मागोमाग दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, तू जाऊ नकोस."

तुम्ही नाही, ‘तू’ म्हणाला. आवाजही अगदी तुझा, जरा रडवेला. माझा पाय उंबऱ्यावर अडकला. क्षणभर वाटलं, तूच आहेस, आत कुठेतरी तूच आहेस, आणि मी तुला टाकून चालले आहे. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. मला काय वाटतंय ते तो निरखून बघत होता, चष्म्यातून.

तो अजून शिकतोय, धाकट्या. आणि आता माझ्याकडून शिकतोय.

म्हणून कारखान्यात गेलेच नाही, सरळ स्टँडवर आले. गाडीत एक जागा आहे. हे पत्र बाकावर बसून लिहितेय आणि टपालात टाकणार नाही. तुला पाकीट फोडता येतं की नाही, कोणास ठाऊक. सोबत आणते आणि तुझ्यापुढे बसून वाचते. तोवर धुक्यात उभा राहू नकोस. आत बस.

तुझी,
ताई